आधी ऊब, मग पाणी, मग अन्न
वाचकांचे प्रश्न: पाळीव सरड्यांचे आजारपण

कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारे दवाखाने आता तालुक्याच्या गावीही मिळतात. सरडा घेऊन गेलात तर मात्र ‘आम्ही हे बघत नाही’ असे ऐकावे लागते. या वेळचे बहुतेक प्रश्न याच अडचणीतून आले आहेत. घरी काय करता येते आणि हात कुठे थांबवायचा, तेवढे इथे सांगत आहोत.

एक गोष्ट जवळपास प्रत्येक उत्तरात येईल, म्हणून ती आधीच सांगतो. सरड्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते, ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. अंग गार असेल तर पोटातले अन्न पचत नाही, जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते आणि औषधही नीट लागू पडत नाही. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. हा क्रम चुकल्यामुळे वाचू शकणारे सरडे जातात.

प्रश्न: पावसामुळे दोन दिवस वीज नाही. आमचा सात महिन्यांचा बिअर्डेड ड्रॅगन (वजन १८० ग्रॅम) पाच दिवसांपासून खात नाही. डोळे खोल गेलेत, नुसता पडून असतो. तोंड उघडून रातकिडे भरवावेत का? (रत्नागिरी)

उत्तर: आत्ता अजिबात भरवू नका. गार आणि पाणी आटलेल्या सरड्याच्या पोटात ढकललेला किडा पचत नाही, तो तिथेच कुजतो. शिवाय अशक्त सरड्याला नीट गिळता येत नाही. त्याच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, त्यामुळे घास चुकून फुफ्फुसात जायला वेळ लागत नाही.

आधी ऊब. मासळीबाजारात थर्माकोलची झाकणवाली पेटी मिळते. ती स्वच्छ धुवून, झाकणाला पेन्सिलीच्या जाडीची सात-आठ भोके पाडा. दोन प्लास्टिकच्या बाटल्यांत कोमट पाणी भरा. हाताला सुखद गरम लागले की पुरे, वाफाळते नको. बाटल्या जुन्या टॉवेलात गुंडाळून पेटीच्या एकाच बाजूला ठेवा, दुसरी बाजू मोकळी राहू द्या. नको वाटली तर सरड्याला उबेपासून दूर सरकता आले पाहिजे. पेटीत हवेचे तापमान दाखवणारा डिजिटल थर्मामीटर ठेवा आणि उबदार बाजूला ३० ते ३२ अंश राखा. गार पडलेल्या सरड्याला एकदम तापवू नका, या तापमानापर्यंत यायला चार-पाच तास लागू द्या. बाटल्या दर दोन तासांनी बदलाव्या लागतील, रात्रीसुद्धा. एरवी रात्री तापमान थोडे उतरलेले चालते, पण आजारी असताना २४-२५ च्या खाली जाऊ देऊ नका. वीज आली की दिव्याखालची जागा ३८ ते ४० अंश आणि गार बाजू २५ ते २७ ठेवा.

आता पाणी. खोल गेलेले डोळे, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहणे, तोंडात चिकट धागे आणि विष्ठेसोबतचा पांढरा भाग पिवळा-नारिंगी नि कडक होणे, ही अंगातले पाणी आटल्याची लक्षणे आहेत. डब्ल्यूएचओ सूत्राचे साधे ओआरएस पाकिटावर लिहिल्याप्रमाणे बनवा, मग त्यात तेवढेच साधे पाणी मिसळून ते निम्म्या ताकदीचे करा. डब्यात मिळणारी गोड, फळांच्या चवीची तयार पेये चालणार नाहीत. दिवसाला किलोमागे साधारण २० मिली असा हिशेब धरला, तर तुमच्या सरड्याला दिवसाला साडेतीन मिलीच्या आसपास लागेल. ते चार वेळांत विभागा. म्हणजे एका वेळी एक मिलीपेक्षाही कमी, आणि घरच्यांचा हात नेमका इथेच सैल सुटतो. सुई काढलेल्या १ मिलीच्या सिरिंजने वरच्या ओठाच्या टोकावर एकेक थेंब सोडा, तो चाटून घेईल. डोके वर करून घशात ओतू नका. चाटत नसेल तर थांबा, ऊब वाढल्यावर पुन्हा प्रयत्न करा. उरलेले ओआरएस चोवीस तासांनी फेकून द्या.

दिवसातून एकदा ३० ते ३२ अंशांच्या पाण्यात, फक्त खांद्याच्या खालपर्यंत, पंधरा मिनिटे बसवा आणि शेजारून उठू नका. अशक्त सरडा दोन इंच पाण्यातही बुडतो. कातडीतून पाणी अंगात मुरते या समजावर विसंबू नका. भिजवण्याचा खरा उपयोग असा की तो पाणी पितो आणि पोट साफ होते. त्यासाठीचा टब स्वयंपाकघरातला नसावा. सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असतात, म्हणून प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा आणि पाच वर्षांखालच्या मुलांना दूर ठेवा.

ऊब आणि पाणी मिळून दोन दिवस झाले, त्याने डोळे उघडून हालचाल सुरू केली, की मग अन्न. आधी मऊ शिजवलेला, मीठ-तेल न घातलेला लाल भोपळा पाण्यात पातळ करून एका वेळी १ मिली, दिवसातून दोनदा. तो नीट पचून विष्ठा झाली की मऊ किडे. दिवसेंदिवस उपाशी असलेल्या जिवाला पहिल्याच दिवशी पोटभर दिले तर रक्तातले क्षार कोसळतात, म्हणून हळूहळू.

१ ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरी वजनकाटा विकत घ्या आणि रोज सकाळी वजन लिहून ठेवा. वजन दहा टक्क्यांनी, म्हणजे तुमच्या बाबतीत १८ ग्रॅमने घटले, तर घरचे उपाय संपले असे समजा. पूर्ण वाढ झालेला ड्रॅगन थंडीत काही आठवडे खात नाही आणि वजन टिकवून झोपून राहतो, ते वेगळे. सात महिन्यांच्या पिल्लाला ती सूट देऊ नका.

प्रश्न: हिरव्या इग्वानाचे मागचे पाय थरथरतात, जबडा रबरासारखा लागतो. मांड्या मात्र चांगल्या भरलेल्या आहेत. काकडी, पालक आणि पोळी खातो. टाकी काचेच्या खिडकीजवळ आहे, ऊन भरपूर येते. (नाशिक)

उत्तर: त्या भरलेल्या मांड्यांनी फसू नका. तो मांसलपणा नाही. कॅल्शियम निघून गेल्याने पोकळ झालेल्या हाडाभोवती शरीराने तंतूंची जाड गादी बांधली आहे. रबरासारखा जबडा त्याचीच दुसरी खूण. थरथर म्हणजे रक्तातलेही कॅल्शियम उतरले. या अवस्थेतून झटके येतात, म्हणून डॉक्टर गाठण्याची घाई करायची ती इथे. प्रवास लांबचा असला तरी करा.

मूळ कारण तुमच्याच पत्रात आहे. खिडकीची काच उन्हातली यूव्हीबी (अतिनील) किरणे अडवते. येणारे ऊन ऊब देते, पण हाड घडवत नाही. यूव्हीबी कातडीवर पडले की अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या आधाराने आतडे अन्नातले कॅल्शियम शोषून घेते. ते न झाल्यास शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम उपसते. त्यात पालकातले ऑक्झॅलेट अन्नातले कॅल्शियम बांधून टाकते, पोळीत फॉस्फरस जास्त आणि काकडी म्हणजे जवळपास पाणीच. अन्नात फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम हवे, इथे उलटे चालले आहे.

आजपासून पोळी, काकडी आणि पालक बंद. शेवग्याचा कोवळा पाला, हादग्याची पाने, तुतीची पाने, जास्वंदाची पाने आणि फुले, कोथिंबीर, सोबत थोडा किसलेला लाल भोपळा. पाला फवारणी न केलेल्या झाडाचाच घ्या. त्यावर साध्या, डी३ नसलेल्या कॅल्शियम कार्बोनेटची पिठासारखी भुरभुर रोज करा. ती पूड मिळत नसेल तर काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो. त्याची कडक पाठ काढून मऊ भाग वस्त्रगाळ करा. अंड्याचे कवचही चालते, मात्र दहा मिनिटे उकळून, वाळवून, मैद्याइतके बारीक दळलेले. कण जाड राहिले तर ते न विरघळता तसेच बाहेर पडतात.

ऊन द्यायचे तर काचेच्या टाकीत कधीच नको. उन्हातली काचेची टाकी काही मिनिटांत भट्टी होते. तारेचा पिंजरा गच्चीवर किंवा बाल्कनीत ठेवा, त्यावर अर्ध्या भागाला गोणपाटाची सावली आणि आत पाण्याची वाटी. सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान वीस-तीस मिनिटे पुरेत. अगदी कोवळ्या उन्हात यूव्हीबी फारच कमी असते, म्हणून सातचे ऊन या कामाला उपयोगी नाही. एप्रिल-मेमध्ये वेळ कमी करा आणि सरडा तोंड उघडून धापू लागला की लगेच सावलीत न्या. पावसाळ्याचे चार महिने टी५ प्रकारची यूव्हीबी ट्यूब लागतेच. ती सरड्याच्या पाठीपासून ३० ते ४० सेंटिमीटरवर असावी आणि मध्ये काच किंवा प्लास्टिक नसावे. बारीक जाळीही बरीच किरणे खाते. ट्यूबचा उजेड दिसत राहतो पण यूव्हीबी आटत जाते, म्हणून वर्षाने ती बदला.

एक इशारा फार कळकळीने देतो. माणसांसाठी आठवड्याला घ्यायची ६०,००० युनिटची डी३ ची पाकिटे आता घरोघरी असतात. त्यातला चिमूटभरही सरड्याला देऊ नका. उन्हातून तयार होणारे डी३ अंग स्वतःच आवरते, तोंडातून गेलेले आवरता येत नाही. मग कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचते आणि ते परत फिरवता येत नाही.

बरा होईपर्यंत टाकीतल्या उंच फांद्या काढून घ्या. उचलताना एक तळहात छातीखाली, दुसरा कमरेखाली. अशा हाडाला नुसत्या पकडीनेही चीर जाते. पाय मोडलेला वाटला तर घरी कामटी बांधू नका. लहान डब्यात, कागदावर, हालचाल होणार नाही असा ठेवून न्या.

जाता जाता: इग्वाना साइट्स कराराच्या (वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टातला प्राणी आहे आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंदणी बंधनकारक आहे. ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. नोंदणी नाही म्हणून डॉक्टरकडे जायला कचरू नका, पण नोंदणी करा.

प्रश्न: लेपर्ड गेकोच्या बोटांवर कात अडकली आहे. ओढून काढताना त्याने शेपूट टाकली! (पुणे)

उत्तर: शेपटीची काळजी कमी करा, बोटांची वाढवा. शेपूट ठरलेल्या जागी तुटते, तिथल्या रक्तवाहिन्या लगेच आवळल्या जातात. पट्टी, टाके, पूड काही नको. टाकीतली माती-वाळू काढून पांढरा टिश्यू पेपर अंथरा, तो रोज बदला, दुसरा गेको सोबत असेल तर वेगळा करा. शेपटीत त्याची चरबीची शिदोरी होती, म्हणून काही आठवडे खाणे वाढवा. नवी शेपूट आखूड आणि बोथट येईल. हे भाग्य बिअर्डेड ड्रॅगनला नाही, त्याची गेलेली शेपूट परत येत नाही.

बोटांवर सुकलेली कात दोऱ्यासारखी आवळते, रक्त थांबते आणि बोट झडते. ३० अंशांचे पाणी पोटाला टेकेल इतकेच घेऊन त्यात वीस मिनिटे ठेवा. मग ओल्या कापसाच्या काडीने बोटाच्या मुळाकडून टोकाकडे हळूच लाटल्यासारखे करा. निघाली नाही तर उद्या पुन्हा, चिमटा नको. बोट काळे, कोरडे पडले असेल तर ते गेले. ओढू नका, कोरडे ठेवा, आपोआप गळेल. सूज किंवा काळेपणा पायाकडे चढू लागला तर मात्र डॉक्टर हवा. झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात ओले स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे शेवाळ) किंवा ओला टिश्यू घालून तो डबा टाकीत कायम ठेवा, म्हणजे पुढची कात नीट निघेल.

प्रश्न: दिव्याला चिकटून बसल्याने ड्रॅगनच्या पाठीवर भाजले आहे. हळद-खोबरेल लावले आहे. (नागपूर)

उत्तर: ते कोमट सलाईनने हळूच धुवून काढा. तेलाचा थर उष्णता आणि मळ आत कोंडतो, आणि हळदीच्या रंगाखाली कातडीचा खरा रंग दिसत नाही. भाजल्याबरोबर करायचे ते नळाच्या साध्या पाण्याची धार, दहा मिनिटे. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. आता ती वेळ गेली आहे, म्हणून सिल्व्हर सल्फाडायझिन १ टक्का मलमाचा पातळ थर दिवसातून दोनदा लावा, लावण्याआधी जुना थर सलाईनने काढा. कागदी अंथरूण रोज बदला. भाजलेल्या जागेतून पाणी झिरपत राहते, म्हणून वर सांगितलेले निम्म्या ताकदीचे ओआरएस सुरू करा. ऊब बंद करू नका, फक्त दिवा टाकीच्या बाहेर, जाळीवर घ्या आणि पाठीपासून तीस सेंटिमीटर तरी अंतर ठेवा. टाकीत गरम दगड असेल तर तो कायमचा काढा. सरडा पोटाखालच्या चटक्यावरून वेळेत उठत नाही.

खपली पडायला अनेक काती जातात, घाई नको. जागा ओली, हिरवट झाली किंवा वास आला तर घरी थांबू नका. सरड्याचा पू दाट, पनीरच्या चुऱ्यासारखा असतो, तो दाबून निघत नाही, कापूनच काढावा लागतो.

प्रश्न: मांजराचे दात लागले, जखम टाचणीएवढी आहे. कुत्र्याचे उरलेले अँटिबायोटिक द्यावे का? घरात कोणती औषधे ठेवावीत? (कोल्हापूर)

उत्तर: जखम लहान दिसते तीच फसवते. मांजराच्या दातावरचे जंतू खोल जातात आणि वरचे तोंड मिटते. ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन १ मिली आणि पाणी ९ मिली मिसळा, फिक्या चहाचा रंग येईल. त्याने जखम धुवा. अँटिबायोटिक या प्रकरणात खरेच लागते, आणि ते चोवीस तासांत, पण मात्रा डॉक्टरने ग्रॅममधल्या वजनावर काढलेली हवी. कुत्र्याची गोळी अंदाजाने मोडून दिली की कधी मूत्रपिंड जाते, कधी जंतू शिल्लक राहतात.

घरात पोव्हिडोन आयोडीन, सलाईनची बाटली, सिल्व्हर सल्फाडायझिन, ओआरएस, पाण्यात विरघळणारी वंगण जेली आणि १ मिलीच्या सिरिंजा पुरेत. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेवर नको. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या आणि सुन्न करणारी मलमे नकोत. कुत्र्याचे गोचीड मारायचे फवारे नकोत, पर्मेथ्रिनने सरड्याला झटके येतात. आयव्हरमेक्टिन तर दुकानात सहज मिळते म्हणून देऊच नका. कासवांना ते जीवघेणे आहे आणि काही स्किंक सरड्यांनाही धोक्याचे.

प्रश्न: गुदद्वारातून लाल मांसासारखे बाहेर आले आहे. (ठाणे)

उत्तर: हे तासांचे काम आहे, दिवसांचे नाही. सलाईनने धुवा, साखरेच्या दाट पाकात भिजवलेली स्वच्छ गॉझ त्यावर पंधरा-वीस मिनिटे ठेवा. साखर सूज ओढून घेते आणि कधीकधी भाग स्वतःहून आत जातो. गेला नाही तर जोर लावू नका. जेली लावून, ओल्या गॉझने झाकून निघा. वाटेत ते सुकू देऊ नका, सुकले की काळे पडते. नराचे जननेंद्रिय असेल आणि ते मेले असेल तर डॉक्टर कापून टाकू शकतो, सरड्याची लघवी त्या वाटेने जात नाही. आतडे असेल तर तसे चालत नाही, म्हणून घाई. नंतर कारण शोधा: कॅल्शियमची कमतरता, जंत, अडकलेली अंडी किंवा पोटात गेलेली वाळू.

प्रश्न: आमचे डॉक्टर गुरे-कुत्री पाहतात. सरडा कधी हाताळला नाही, पण प्रयत्न करायला तयार आहेत. (लातूर)

उत्तर: असा डॉक्टर मिळाला तर अर्धे काम झाले. त्यांना क्ष-किरण काढता येतो, विष्ठा तपासता येते, कातडीखाली द्रव देता येतो. त्यांच्यासाठी तुम्ही तयारी करून जा. आजचे वजन ग्रॅममध्ये, दोन आठवड्यांच्या वजनांची नोंद, टाकीच्या गरम आणि गार बाजूचे तापमान, ट्यूब कधी घेतली, काय खातो, शेवटची विष्ठा कधी झाली, हे एका कागदावर लिहा. श्वासाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घरीच काढा, कारण दवाखान्यात तो घाबरून वेगळा वागेल. त्याच दिवसाची विष्ठा छोट्या पिशवीत, दोन थेंब सलाईन घालून, गार ठेवून न्या, गोठवू नका. सरड्याला भोके पाडलेल्या डब्यात टॉवेलावर, २५ ते ३० अंशांत न्या.

डॉक्टरांना तीन गोष्टी नम्रपणे सांगा: इंजेक्शन शक्यतो शरीराच्या पुढच्या भागात द्यायचे, कुत्र्यांना सवयीने दिले जाणारे स्टेरॉइड इथे टाळायचे, आणि गार सरड्याला औषध देण्याआधी तो उबदार करायचा. त्यांना सल्ला हवा असेल तर महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे उदगीरचे महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे. परळ, नागपूर, परभणी आणि शिरवळ इथेही महाविद्यालये आहेत. डॉक्टर डॉक्टरांशी बोलले तर काम लवकर होते.

याच पत्रात विचारले आहे की वाचणार नसेल तर फ्रीझरमध्ये ठेवून त्याला शांत मरण देता येते का. नाही. शुद्धीत असताना गोठणे हा यातनादायक मृत्यू आहे. भूल देऊन झोपवणे हे कुठलाही पशुवैद्यक करू शकतो, त्यासाठी सरड्यांचा अनुभव लागत नाही. तेवढे त्यांच्याकडून करून घ्या.

प्रश्न: रस्त्यावर गाडीचा धक्का लागलेली घोरपड सापडली. बरी होईपर्यंत घरी ठेवावी का? (सावंतवाडी)

उत्तर: घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला घरी ठेवणे गुन्हा ठरतो, हेतू चांगला असला तरी. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून नेमकी जागा सांगा. ते येईपर्यंत जाड टॉवेल टाकून, मागून उचलून, झाकण असलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. चावा आणि नखे दोन्हींपासून हात जपा. पाणी पाजू नका, काही खायला घालू नका, फोटोसाठी सारखे झाकण उघडू नका. खोके उन्हात नको आणि पावसात तर नकोच. ते घराच्या पडवीत, कुत्रे पोहोचणार नाही अशा जागी ठेवा.